दोन रेषांमधले वीस मीटर : टोपोशीट घेऊन दर्यापूर, चिखलदरा, लोणार

पहिला दिवस : हिंगणघाट ते दर्यापूर

नकाशे वाचायची सहल हिंगणघाटपासून सुरू करायला एक कारण आहे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीची सुरुवात करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी याच गावात वारला. हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. त्याची कबर इथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं उत्तरेकडे नेलं. टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशा-पत्रकावर, एखाद्या डोंगरमाथ्यावर छोटा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा दिसतो, तो या मोजणीच्याच घराण्यातला.

तिथून अमरावती, गिला वडा, आणि दुपारी तीनपर्यंत दर्यापूर.

सोबतची तीन पत्रकं एकाखाली एक जुळतात : वर चिखलदऱ्याचं ५५ जी/७, मधे अंजनगावचं ५५ जी/८, खाली दर्यापूरचं ५५ एच/५. क्रमांकाची रीत एकदा कळली की पत्रक शोधत बसावं लागत नाही. ५५ हा चार अंश बाय चार अंशांचा चौकोन. त्याचे ए ते पी असे एकेक अंशाचे सोळा तुकडे, वरून खाली आणि मग उजवीकडच्या रांगेत. प्रत्येक तुकड्याचे परत तसेच सोळा भाग. म्हणजे एका पत्रकात १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, आपल्याकडे दक्षिणोत्तर साधारण साडेसत्तावीस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६. नवीन ओपन सिरीज पत्रकांचे क्रमांक वेगळे असतात, पण जुने क्रमांक अजून सगळीकडे चालतात. परतवाडा मात्र थोडक्यात हुकतो आणि शेजारच्या ५५ जी/११ वर जातो. ठरलेलं ठिकाण पत्रकाच्या काठावर असेल तर शेजारचं पत्रक आधीच घेऊन ठेवावं, नाहीतर निम्मी वाट टेबलाखाली राहते.

पत्रकाचं प्रमाण १:५०,०००. कागदावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी, दर वीस मीटर उंचीला एक, आणि दर पाचवी जाड. जाड रेषा म्हणजे शंभराच्या पटीतली उंची : ३००, ४००, ५००.

दर्यापूरच्या पत्रकावर हे सगळं शोधायला गेलात तर फजिती होते, कारण तपकिरी रंग जवळजवळ नाहीच. पूर्णेचं गाळाचं मैदान, खारपाणपट्टा. अंजनगावपासून दर्यापूरपर्यंत पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये ओलांडाव्या लागणाऱ्या रेषा हाताच्या बोटांवर मोजता येतात. नवख्याला वाटतं, इथे वाचण्यासारखं काही नाही. पण पूर्णेच्या काठावर जाऊन उभं राहिलं की सपाट दिसणारं वावर अचानक संपतं आणि पायाखाली दोन-तीन पुरुष खोल घळी उघडतात. मऊ गाळ पावसानं कापून काढलेला. हे सगळं रेषांच्या मधे बसतं : दहा-पंधरा मीटरचा खड्डा वीस मीटरच्या जाळीतून सहज निसटतो.

अशा ठिकाणी रेषा सोडून बाकीच्या खुणा वाचाव्यात. नदीकाठची तुटकी जमीन दाखवणारी आखूड रेघांची नक्षी, काळ्या ठिपक्याशेजारी लिहिलेली स्थानिक उंची, आणि बांधाजवळ किंवा नाल्याजवळ आकड्यापुढे रोमन लिपीतला छोटा ‘आर’. हा ‘आर’ म्हणजे सापेक्ष उंची. ‘६ आर’ लिहिलं असेल तर ती जागा समुद्रसपाटीपासून सहा मीटरवर आहे असं नव्हे. शेजारच्या जमिनीपेक्षा सहा मीटर वर किंवा खाली आहे. सपाट मुलखात गाडी कुठे अडेल हे रेषांपेक्षा हे आकडे जास्त सांगतात.

संध्याकाळी एका शेतात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगट्यात भाजलेली कणसं, तिखट शेंगदाणा चटणी, वर गुळाचा खडा. शेतमालक बाबांनी नकाशा कंदिलाजवळ धरून बराच वेळ पाहिला.

“आमच्या वावरात एकबी रेघ नाही. मंग पावसाचं पानी दरसाल त्या कोपऱ्यातच कावून साचते?”

उत्तर तेच : कोपरा हातभर खोल असेल, नकाशाला वीस मीटरच्या खालचं दिसत नाही.

*छपाईबद्दल :* सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून ओपन सिरीज नकाशा उतरवून छापताना दुकानदार हमखास ‘पानावर बसव’ हा पर्याय निवडतो आणि प्रमाण बिघडतं. शंभर टक्क्यांवरच छापायला सांगा आणि तिथल्या तिथे नकाशाखालची प्रमाणपट्टी मोजपट्टीनं तपासा. एक किलोमीटर दोन सेंटिमीटर भरला पाहिजे. काळ्या-पांढऱ्या छपाईत पैसे वाचतात, पण निळा नाला आणि तपकिरी रेषा एकसारख्या दिसतात, आणि मग डोंगर कुठला आणि ओढा कुठला हे ठरवताना डोकं फिरतं.

दुसरा दिवस : पायथा आणि घाट

सकाळी अंजनगाव सुर्जी. पानमळ्यांचं गाव. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांचा तह याच गावात झाला, आणि त्याचं एक कारण उत्तरेला निळसर भिंतीसारखं समोर उभं असतं : गाविलगडची रांग, जिच्यावरचा किल्ला त्याच महिन्यात इंग्रजांकडे गेला होता. पत्रकावर हा बदल फार झटकन होतो. चार बोटं पिवळी शेतजमीन, आणि एकाएकी तपकिरी रेषांची दाटी.

पायथ्याच्या एका गावात तूर निघालेल्या उताराच्या शेतात पाच-सहा जणी बांबूची तिकाटणी घेऊन आखणी करत होत्या. पावसाआधी समतल बांध घालायचा होता. समोच्च रेषा म्हणजे काय, हे ज्याला पुस्तकातून कळत नाही त्यानं अर्धा तास हे काम पाहावं.

तिकाटणी, म्हणजे ए-फ्रेम, करायला अवघड नाही. साधारण सात फुटांचे सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधायचे, खाली पायांत दोन मीटर अंतर ठेवायचं, कमरेच्या उंचीवर आडवी काठी बांधायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. मग जुळवणी. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून खाली खुणा करा, आडव्या काठीवर दोरी कुठे टेकते ती खूण करा. पायांची अदलाबदल करा, म्हणजे डावा पाय उजव्याच्या खुणेवर. दोरी आता दुसरीकडे टेकेल. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळी.

आखताना एक पाय खुंटीशी रोवून दुसरा पुढे वळवायचा आणि दोरी मध्यावर येईपर्यंत वर-खाली सरकवायचा. तिथे खुंटी. मग पुढचा पाय जागेवर, मागचा फिरून पुढे. तिकाटणी उचलून तशीच पुढे ठेवायची नाही, फिरवायचीच. मधली खूण जराशी चुकली असेल तर उचलून ठेवताना प्रत्येक पावलाला चूक त्याच बाजूला वाढते. एका पावलाला एक सेंटिमीटर धरला तरी शंभर मीटरला, म्हणजे पन्नास पावलांना, अर्धा मीटर. फिरवत गेलं तर एका पावलाची चूक पुढचं पाऊल खाऊन टाकतं.

बिघडतं कुठे? वाऱ्यानं दगड झुलतो, म्हणून दगड जड घ्यावा आणि आखणी सकाळीच उरकावी. भुसभुशीत मातीत पाय रुततो. आणि गाठी सैल होतात, त्यामुळे दर तासाला जुळवणी पुन्हा करावी. पारदर्शक नळीतल्या पाण्यानं पातळी दाखवणारा हायड्रोमार्कर वेगानं चालतो, पण नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की सगळे आकडे खोटे.

“रेघ सरळ येत नाही ना जी, वाकडीच येते,” त्यांच्यातली एक जण म्हणाली. “पानी जिथं उभं राह्यते, तिथून ते जाते.” चुन्याच्या फक्कीनं ओढलेली ती रेघ टेकाडाला वळसा घालून बाहेर आली आणि ओघळीपाशी आत वरच्या बाजूला शिरली. टोपोशीटवरची रेषा अगदी तशीच वागते. ओढा ओलांडताना तिचा कोन चढाच्या दिशेनं, म्हणजे पाणी येतं तिकडे, आत घुसतो. सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या बाहेर आलेल्या धारेवर, कोन उताराकडे बाहेर येतो. नकाशावर निळी रेघ नसली तरी एवढ्यावरून ओघळ आणि सोंड ओळखता येते. गडबड वाटली तर जवळची जाड रेषा शोधा आणि उंची कुठल्या बाजूला वाढते ते आधी पक्कं करा. दहापैकी नऊ चुका इथेच होतात : दरी डोंगर म्हणून वाचली जाते.

शिदोरीत भाकर, चून आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. शहरात ज्याला पिठलं म्हणतात तेच चून, पण हे पिठल्यापेक्षा घट्ट आणि दुप्पट तिखट.

दुपारी परतवाड्यावरून धामणगाव गढीमार्गे घाट. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या. म्हणजे तीसेक किलोमीटर रस्त्यात छत्तीस-सदतीस रेषा. घाटाचा चढ काढायची सोपी रीत : दोन जाड रेषांमधला रस्ता दोऱ्यानं वळणावळणानं मोजा. दोरा चार सेंटिमीटर भरला तर दोन किलोमीटरला शंभर मीटर, वीसास एक, गाडीला आरामात. दोन सेंटिमीटरच भरला तर दहास एक, आणि लादलेल्या ट्रॅक्टरची परीक्षा.

पायी चालणाऱ्यासाठी रेषांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये डोक्यात बसवलेलं बरं. चार मिलिमीटर म्हणजे २०० मीटरला वीस मीटर, दहा टक्के, रमतगमत. एक मिलिमीटर म्हणजे ४० टक्के, साधारण बावीस अंश, धाप लागते. अर्धा मिलिमीटर म्हणजे ऐंशी टक्के, एकोणचाळीस अंशांच्या आसपास, हात टेकल्याशिवाय जमत नाही. रेषा एकमेकींना चिकटल्या तर तो कडा, वाट दुसरीकडून शोधा. वेळेचा अंदाज विल्यम नेस्मिथच्या १८९२ च्या हिशोबानं : पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. जानेवारीत हा हिशोब जमतो. एप्रिलच्या उन्हात त्यात निम्मी भर घाला.

या घाटात रेषा सारख्या अंतरानं चढत नाहीत : दाटी, मग मोकळीक, परत दाटी. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थराची झीज होऊन पायरी पडते. या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून पडलं. मोकळ्या पायऱ्यांवरच गावं आणि शेतं सापडतात, हे पत्रकावर लाल ठिपके शोधून पडताळता येतं.

वर पोचल्यावर फोननं उंचीचा घोळ घातला : एका ॲपवर एक आकडा, दुसऱ्यावर साठेक मीटर कमी. बिघाड कुठलाच नाही. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि नकाशा मोजतो सरासरी समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात लंबगोल समुद्रसपाटीच्या साठेक मीटर वर पडतो, त्यामुळे दुरुस्ती न करणारं ॲप तेवढा आकडा कमी दाखवतं. साठ मीटर म्हणजे नकाशावरच्या तीन रेषा. पहिल्या ज्ञात ठिकाणी फरक लिहून ठेवा आणि पुढे तेवढा मिळवत जा.

रात्री थंडी अशी की पेन्सिल धरवत नव्हती. मैदानापेक्षा सातशे मीटर वर म्हणजे चार-पाच अंश कमी, हा सरळ हिशोब, पण अंगाला तो जास्तच लागतो.

तिसरा दिवस : गाविलगड

सकाळी गवळ्याकडची रबडी आणि चिखलदऱ्याची कॉफी. रबडी आधी घ्यावी असं आमचं मत पडलं, वाद होऊ शकतो.

गाविलगड पत्रकावर पाहिल्याशिवाय चढू नये. दक्षिणेला, मैदानाकडे, रेषा इतक्या चिकटलेल्या की तपकिरी पट्टाच दिसतो. उत्तरेला मात्र किल्ल्याचं पठार चिखलदऱ्याच्या पठाराला एका अरुंद मानेनं जोडलेलं. अशी मान, म्हणजे खिंड, ओळखायची खूण : एकाच उंचीच्या दोन बंद रेषा समोरासमोर, मधे डमरूच्या कमरेसारखी चिंचोळी जागा. कमरेच्या दोन बाजूंना चढ, उरलेल्या दोन बाजूंना उतार.

डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज दक्षिणेकडे थांबली, आणि स्टीव्हन्सनच्या तुकडीनं तोफा डोंगरातून वाट काढत ओढून उत्तरेला आणल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला तो याच बाजूनं. समोच्च रेषांचं पत्रक तेव्हा कोणाकडेच नव्हतं. त्या काळच्या नकाशांत डोंगर आखूड रेघांनी दाखवत, सुरवंट सरपटत गेल्यासारखे. उतार कुठे आहे ते कळे, किती आहे ते कळत नसे.

दरवाज्यातून आत गेल्यावर पहिल्या दिवशीचा धडा उलट्या बाजूनं समोर येतो. तटबंदी कितीही उंच असू दे, समोच्च रेषेत ती नाही. रेषा जमिनीची, बांधकामाची नव्हे. भिंत दाखवायला वेगळी खूण असते. किल्ल्यातले तलावही रेषांपेक्षा निळ्या रंगावरूनच सापडतात.

कड्यावर उभं राहिलं की मैदान दूरवर दिसतं, पण लगेच खालचं पायथ्याचं गाव दिसत नाही. बहिर्वक्र उताराची ही गंमत : नकाशावर रेषा वर विरळ आणि खाली दाट असतील तर माथ्यावरून तळ दिसत नाही. वर दाट आणि खाली विरळ असतील तर सगळं दिसतं. खाली उतरायची वाट वरून दिसत नाही म्हणून ती सोपी, असं धरून चालू नये.

दुपारी छेद काढला, म्हणजे डोंगर उभा कापला तर बाजूनं दिसेल तसं चित्र. चिखलदऱ्यातून जाणारी दक्षिणोत्तर रेघ पत्रकावर आखा, तिच्यावर कागदाची पट्टी ठेवा आणि जिथे जिथे समोच्च रेषा छेदते तिथे टिंब करून उंची लिहा. पट्टी आलेख कागदाच्या तळाशी लावा, प्रत्येक टिंबावर तेवढ्या उंचीला खूण करा, हातानं जोडा. उभं प्रमाण एका सेंटिमीटरला शंभर मीटर ठेवलं तर डोंगर खऱ्यापेक्षा पाचपट उभा दिसतो. हे कागदावरच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी बघून कोणी यायला तयार होत नाही. छेदात रांगेचं खरं रूप उघडं पडलं : दक्षिणेकडे एकदम कोसळलेली, उत्तरेकडे टप्प्याटप्प्यानं उतरणारी. दक्षिणेचं पाणी चंद्रभागा, शहानूर यांच्यामार्फत पूर्णेत जातं, उत्तरेचं सिपनामार्गे तापीत. पूर्णाही पुढे चांगदेवपाशी तापीलाच मिळते, त्यामुळे माथ्यावर दोन वाटांनी गेलेले थेंब खाली परत भेटतात.

हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापी घड्याळ असेल तर ते चिखलदऱ्यात एक जादू दाखवतं. सकाळी दहाला बरोबर लावा आणि चारपर्यंत खुर्चीतून उठू नका : गाव पंचवीस-तीस मीटर चढलेलं असतं. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला तीनेक मिलिबारनं उतरतो, आणि या उंचीवर एक मिलिबार म्हणजे नऊ मीटरहून थोडं जास्त. प्रत्येक ज्ञात उंचीपाशी घड्याळ नव्यानं लावणं हा एकच उपाय.

*जंगलाबद्दल :* हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा परिसर. पत्रकावर तुटक रेघेनं दाखवलेली पायवाट म्हणजे जायची परवानगी नव्हे. वनखात्याकडे विचारूनच जा. सेमाडोह-हरिसालकडे फोनची रेंज भरवशाची नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

चौथा दिवस : लोणारकडे

दिवसभर प्रवास. अकोला, मेहकर, टायर एकदा पंक्चर. संध्याकाळी काठावर पोचेपर्यंत सूर्य पलीकडच्या कडेला टेकला होता आणि आतलं पाणी आधीच काळं झालं होतं.

पाचवा दिवस : खड्ड्याच्या रेषा

लोणार ५६ ए/९ वर आहे, पण अगदी डाव्या काठाला चिकटून. शेजारचं ५६ ए/५ हाताशी ठेवावं.

गावाकडून काठाकडे जाताना जमीन किंचित चढते. उल्का आदळल्यावर उधळलेला दगड-मुरूम काठाभोवती साचून जी कड तयार झाली, ती आजूबाजूपेक्षा वीसेक मीटरच उंच आहे. म्हणजे नकाशावर फार तर एखादी रेषा, आणि ती चुकली तर कड सपाटच वाटते. काठ ओलांडला की मात्र एकदम दाटी. काठापासून तळ्यापर्यंत साधारण १३७ मीटर, सहा-सात रेषा, विवराचा व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास.

या बंद रेषांना आतल्या बाजूला बारीक दाते असतात. दाते नसते तर हीच वर्तुळं टेकडी म्हणून वाचली गेली असती. दाते नेहमी उताराकडे. आकडे वाचताना इथे हमखास घसरगुंडी होते : कडेवर चढताना शेवटची रेषा समजा ५८० ची, तर कड ओलांडल्यावर पहिली दात्यांची रेषा कितीची? बरेच जण ५६० म्हणतात. बरोबर उत्तर ५८०. माथा ओलांडून उतरताना आधी तीच उंची परत लागते, मग ५६०, ५४०.

ईशान्येला धार आहे, गोमुखाचं पाणी तिथून आत येतं. तिथे रेषांचे कोन तळ्यापासून बाहेर वळलेले. दुसऱ्या दिवशीची फक्कीची रेघ आठवली की कोडं सुटतं : कोन पाणी येतं तिकडे.

कमळजा देवीकडे उतरताना पायांची बोटं बुटाच्या टोकावर आदळत राहतात. पाणी नाकाला आधी कळतं, मग डोळ्यांना. खारं आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. नकाशावरचा निळा काठ म्हणजे मोजणीच्या वेळचं पाणी. पातळी वर-खाली होते, त्यामुळे निळ्या रेघेवर भरवसा ठेवून काठाकाठानं फेरी आखू नये. पत्रकाच्या समासात मोजणीचं साल असतं, ते आधी पाहावं. पाणी वरच्या टपरीवरूनच भरून घ्या, खाली पिण्यासारखं नाही.

वर येताना टपरीवाल्या काकूंनी झुणका-भाकर देता देता विचारलं, “अंबर पाह्यलं का? लहान तयं? तिकडं कोनी जातच नाही.”

मोठ्या विवरापासून काही शे मीटरवरच अंबर तळं आहे, तीनेकशे मीटर व्यासाचा उथळ खळगा. शेतातून चालत गेलं तरी शेवटच्या क्षणापर्यंत चाहूल लागत नाही. वीस मीटरच्या रेषांवर भरवसा ठेवला असता तर ते हुकलंच असतं. तिथे पेन्सिलीनं तुटक रेघेचं वर्तुळ काढलं, दाते आत, आणि पावलांनी मोजलेला व्यास शेजारी लिहिला. खोली लिहायला हायड्रोमार्करची नळी लागली असती, ती दोनशेवर किलोमीटर मागे, पायथ्याच्या गावात राहिली होती.